पिंपळवंडीच्या पावण्यांना दाखवलेला पिच्चर

जुन्नर आन् आंबेगाव ह्या दोन तालुक्यांत पिच्चरचा हिरो झालेला माणूस एकच, तो मी. पिच्चरात काय केलं म्हणाल, तर यष्टीची वाट बगितली, आन् यष्टी आली तवा चढलो न्हाई.

शाळा म्हणाल तर मी दुसरीतच पाटी खाली ठेवली. हे सांगतोय मी आन् उतरून घेतेय भाची. मदी मदी थांबून ती इचारती, मामा, हे खरंच लिहू का. लिही बाई, माझी अब्रू पिच्चर दाखवला त्याच दिवशी मांडवात संपली, तुझ्या पेनानं आता आणखी काय व्हणार.

भीमाशंकरच्या रस्त्याला, शिनोलीच्या अल्याड आमचा फाटा. तिथं चहाचं एक हाटेल, यष्टीचा थांबा आन् रस्त्याखालनं ओढा जातो ती मोरी. त्या मोरीच्या कठड्यावर आमी तिघं असायचो. एक वायरमन. म्हंजी आयटीआय केल्याला, कामाला कुठंच न्हाई, पण कुणाच्या घरची लाईट गेली की ह्यालाच हाक. दुसरा घोडेगावच्या बांगडीवाल्याचा पोरगा. बाप जत्रांमदी बांगड्या भरायचा, ह्याला बायकांचा हात धरायची लाज वाटायची, म्हणून सायकल मारत आमच्यात येऊन बसायचा. तिसरा मी. जमीन थोरला भाऊ बगायचा, मी रस्ता बगायचो.

मला एकच काम यायचं. बैलगाड्याच्या शर्यतीला, घाटात माईकवर बोलायचं. बैल सुटले की एका दमात मालकाचं नाव, गाव, बैलाची सगळी खानदान, आन् गाडा निशाणाला लागला की भिर्रर्र. घाटात माईक गप बसला की लोकांना वाटतं काय तरी बिघाडलं, म्हणून आमची सवय अशी की तोंड बंद ठेवायचंच न्हाई. लोक म्हणायचे ह्याच्या तोंडाला ब्रेक न्हाई. मी ते कौतुक समजायचो.

आमच्या मास्तरांचा धाकटा पुण्याला पिच्चर शिकायला गेलता. एका उन्हाळ्यात तो क्यामेरा घेऊन फाट्यावर आला आन् म्हणाला, तुमच्या तिघांवर पिच्चर काढायचाय. मी घरी जाऊन नवा शर्ट घालून आलो. त्यानं तो काढायला लावला, कालचाच घाल म्हणाला. हिरवीण कोण म्हणून इचारलं तर हिरवीण न्हाईच. मंग करायचं काय? रोज करता तेच करा, म्हणाला, क्यामेऱ्याकडं बगू नका. आता रोज आमी काय करायचो? उन्हाळाभर आमी ते केलं, आन् तो घेऊन गेला. पुढं त्याचा पत्ता न्हाई. पुण्यात त्यानं त्याचं काय जोडलं, काय कापलं, आमाला काय ठावं. पण गावात मी सांगून ठेवलं, आपला पिच्चर येतोय.

पिच्चर येईस्तवर आमचं तिघांचं बसणं मोडलं. वायरमन भोसरीला कंपनीत लागला, लग्न करून तिकडंच राह्यला. बांगडीवाल्याला बापानं मंचरला दुकान टाकून दिलं, काचेच्या आत बसायचं म्हणल्यावर त्याची लाज गेली. मोरीवर राह्यलो मी. तिघं बसले की लोक म्हणत्यात टाईमपास चाललाय. एकटा बसला की म्हणत्यात, ह्याला काय झालं?

मला काय झालतं तर माझं लग्न व्हईना. बरोबरीच्यांची पोरं शाळंत जायला लागली. पावणं यायचे, चहा प्यायचे, भिंतीकडं बगायचे, पोरगा काय करतो म्हणून इचारायचे, आन् आमची आई पदरानं तोंड पुसत म्हणायची, करतो की समदंच. ते समदंच ऐकलं की पावणं चपला शोधायला लागायचे. पुढं पुढं आईनं दुसऱ्यांच्या लग्नाला जाणंच सोडलं. तिथं बाया इचारायच्या, तुमचा बार कधी. एकदा ती चुलीपुढं बसून कुणाशी बोलावं तसं म्हणाली, माझ्या माघारी ह्याला ताट कोण वाढंल. मी दारात व्हतो. म्हणलं आई, हात हायेत की मला, वाढून घीन. ती हसली न्हाई. मी जोक मारला आन् आई हसली न्हाई असं तवाच पयल्यांदा झालं.

मंग मामानं पिंपळवंडीचं स्थळ आणलं. बागायतदार माणूस, कालव्याचं पाणी, मुलगी शांत, वय जरा वाढल्यालं. मामानं तिकडं माझ्यासाठी एक शब्द टाकला व्हता: पोरगा पिच्चर लाईनला हाय. त्यांनी इचारलं, दिसल का पिच्चर? आन् त्याच आठवड्यात मास्तरांच्या धाकट्याचा निरोप आला की गावच्या यात्रेला पिच्चर आणतो, पयला खेळ आपल्याच गावात. मला वाटलं देवानंच जुळवून आणलं. आमच्याकडं यात्रेला पावण्याला जेवायला बोलवायची रीतच हाय. मी मामाला म्हणलं, पिंपळवंडीकरांना सांगा, जेवायला या आन् हिरो बगूनच जा. मामा म्हणला, तू आधी बगितलास का? म्हणलं, बगायचं काय, मीच हाय त्यात.

यात्रेच्या दिवशी दुपारी देवळापुढच्या मांडवाला चारी अंगानं ताडपत्र्या बांधल्या. पांढरा पडदा, मंचरवरनं भाड्यानं आणल्याला प्रोजेक्टर. आत अशी उकड की बाया पदरानं वारा घेत व्हत्या. पिंपळवंडीचं पावणं, त्यांचा भाऊ आन् मामा पुढच्या सतरंजीवर. आईला मी मुद्दाम कडंला बसवलं, तिथनं तिला पावण्याचं तोंड दिसत व्हतं. वायरमन यात्रेला आला व्हता, तो माईकच्या मशीनपाशी. बांगडीवाला बाहीर दुकान मांडून बसल्याला, पण ताडपत्री उचलून डोकं तेवढं आत घातलं व्हतं. माईक माझ्या हातात, कारण जेवणाच्या पंगतींना मीच लोक बोलवत व्हतो.

पिच्चर चालू झाला. पडद्यावर आमचा फाटा. मोकळा रस्ता. रस्ता तसाच राह्यला. एक म्हातारं म्हणालं, चालू झाला का? दुसरं म्हणालं, आधी जायराती असत्यात. मंग आमी तिघं मोरीवर बसल्यालं दिसलो, तेवढ्यात आमच्या मागनं म्हैस गेली, आन् मागच्या बाजूनं एक बाई उठून उभी राह्यली: "आगं, माझी म्हस!" मांडवात टाळ्या. त्या पिच्चरात टाळ्या म्हणून पडल्या त्या म्हशीलाच.

त्याच्या पुढं मी झोपल्यालो. मोरीवर, तोंड उघडं, पोटावर माशी. माशी उडती, परत बसती. पोरं वरडायला लागली, मारामारी कधी. मी पावण्याकडं बगितलं. ते तंबाखू मळत मळत थांबले व्हते आन् माशीकडं बगत व्हते. आईनं मान खाली घातली. ही माझी शेवटची सोयरीक हाय आन् पडद्यावरची माशी ती मोडतीय, एवढंच डोक्यात. मी माईकचं बटण दाबलं.

म्हणलं, मंडळी, मोरीवर आडवं पडल्यालं दिसतंय ते झोपल्यालं न्हाई, ते धंद्याचा इचार करतंय. मांडव हसला. मला दम आला. हाटेलात आमी बसलो की मी सांगायचो, ही मीटिंग चाललीय. मी पाण्यात खडे मारत व्हतो तर सांगितलं, ओढ्याची खोली मोजणं चालू. लोक आता पिच्चर सोडून माझंच ऐकायला लागले. मास्तरांचा धाकटा अंधारात हात जोडून मला गप म्हणून खुणावत व्हता. मला वाटलं नमस्कार करतोय.

मंग ते आलं. वायरमन चाकणला एका कंपनीच्या गेटावरनं परत आल्याला. त्या दिवशी त्याला आतपण घेतलं नव्हतं. पडद्यावर तो थांब्याच्या खाली बसला, कागदांची पिशवी मांडीवर, चपलीचा अंगठा तुटल्याला. मी त्याच्यापुढं खाली बसलो, कमरंच्या करदोड्याची काटा काढायची पिन सोडली आन् त्याचा अंगठा जोडत बसलो. दोघं काय बोललो न्हाई. क्यामेरा चालू हाय हे तवा आमाला ठावंच नव्हतं. पिन लई येळ बसंना. वायरमनच्या डोळ्याचं पाणी माझ्या हातावर पडलं, तेपण दिसलं, आन् मी वर न बगता पिन लावत राह्यलो. मंग चप्पल त्याच्या पायात घातली आन् त्याच्या शेजारी बसलो. बस्स.

मांडव गप झाला. बायांचे पदर थांबले. पावण्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं आता उठत्यात. गप बसल्याल्या लोकांचं मला घाटापासनं भ्याव. ज्याला पोरगी द्यायची तोच दुसऱ्याच्या चपला शिवताना बगून पावणं काय म्हणत्याल, असं वाटलं, आन् मी म्हणलो, मंडळी, हिरोनं आता चपलांचा कारखाना टाकलेला हाय, आन् पयलं गिऱ्हाईक रडतंय कारण माल उधारीवर मिळंना. भिर्रर्र.

थोडे हसले. पोरंच. वायरमन मशीनपाशी उभा व्हता. त्यानं माझ्याकडं बगितलं. खाली वाकला आन् माईकची वायर उपसून काढली. मी पुढं बोलत राह्यलो, पण ते माझं मलाच ऐकू येत व्हतं.

राह्यल्याला पिच्चर असाच, बिनमाईकचा. शेवटाला यष्टी आली. वायरमन चढला, बांगडीवाला चढला. मी खालीच. बांगडीवाला खिडकीतनं हात हालवत व्हता, ये म्हणून. मी खाली राह्यचं असं काय ठरल्यालं नव्हतं, धाकट्यानं सांगितलं व्हतं तिघं चढा, आन् मी चढलो न्हाई. का न्हाई ते मला तवाबी सांगता आलं नव्हतं. पडद्यावर मी दांडीला हात लावला आन् काढून घेतला. तेवढ्यात मागनं कुणी म्हातारी म्हणाली, "आरं चढ की मेल्या." मंग दुसरं, तिसरं, आन् समदा मांडव घाटात बैलाला वरडतो तसा वरडायला लागला, चढ, चढ, चढ. आईपण. ताडपत्रीतनं डोकं घातल्याला बांगडीवालापण. मी हातातल्या बंद माईकमदी मलाच वरडत व्हतो, चढ रे. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी गेली. मी उभा. रस्ता मोकळा. पयल्यासारखाच.

ताडपत्र्या सोडल्या तवा ऊन डोळ्यात गेलं. लोक माझ्याकडं न बगता निघाले. म्हशीवाली तेवढी धाकट्याला इचारत व्हती, म्हस परत कधी दाखवणार. वायरमन माझ्या अंगावरनं गेला, त्याच्या बायकूला म्हणाला चल. बांगडीवाला दुकानात बांगड्या दोऱ्यात ओवत व्हता, मी गेलो तर म्हणाला, आता नको, गिऱ्हाईक हाय. गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

आई पावण्यांसाठी नारळ आन् टॉवेल-टोपी घेऊन दारात उभी व्हती. नारळ टोपीवरनं घसरत व्हता आन् ती तो परत परत नीट ठेवत व्हती. पिंपळवंडीचं पावणं चपला घालत व्हते. मी पुढं झालो, त्यांची चप्पल सरळ करून दिली, आन् म्हणलं, पावणं, पिच्चरवर जाऊ नका, मी तसा रिकामटेकडा न्हाई, ते सगळं खोटं असतंय. माझा आवाज मलाच नवा वाटला. आयुष्यात कुणापुढं मी एवढा वाकलो नव्हतो.

त्यांनी आईच्या हातातला नारळ घेतला न्हाई. हात जोडले फक्त. आईला म्हणाले, वैनी, जेवण लई चांगलं झालं. मंग माझ्याकडं वळले.

"त्या पोराच्या चपलीला पिन लावली ना, तवाच मी तुमच्या मामाला म्हणलो, सुपारी आणा. मंग तुमी तोंड उघडलं."