लाल रेघा

गरम मसाल्याचा वास आला की केबिन रोडवरचं ते नवीन दुकान आठवतं. नव्वदच्या दशकाची अखेर होती. शेजारच्या सुर्वेकाकूंची मसाल्याची पाकिटं तिथे विकायला ठेवायची होती, पण स्कॅनर काही वाजेना.

“काकी, ये नहीं चलेगा,” दुकानदार म्हणाला.

काकूंनी बारकोडच्या रेघा मुद्दाम लाल छापून घेतल्या होत्या. नव्या धंद्याला काळं नको म्हणून.

अनोळखी माणसांसमोर मी सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलले. “काकू, स्कॅनरच्या लाल उजेडात लाल रेघ पांढरीच दिसते. काळी रेघ उजेड गिळते, म्हणून ती वाचता येते.”

काकूंनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाल्या, “म्हणजे तीटच लावायची की गो. लावूया काळी.”

पुढच्या आठवड्यात पाकीट वाजलं. तेव्हा मला माझ्या फिजिक्सचा अभिमान वाटला होता. आता कुठेही स्कॅनर वाजला की काकूंची तीटच आठवते.