गजभारे सरांचं शेवटचं वर्ष

गजभारे सरांचं कॉलेजातलं शेवटचं वर्ष मी आतापर्यंत चौदा वेळा पाहिलंय. दर जूनला सर सांगतात, "मोहसीन, एवढी बॅच निघाली की मी रेणापूरला जायलो बघ." मी मान हलवतो. आता मला त्या वाक्याचा रागच येतो, आणि तो कुणावर काढावा हेही कळत नाही.

रविकांत गजभारे मूळचे बिलोलीचे. स्वतः विद्यापीठाकडून क्रॉस कंट्री, म्हणजे शेतामाळातली लांब शर्यत, धावलेले. पुढे गुडघ्यानं दगा दिला, मग शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि वीस वर्षांपूर्वी नांदेडच्या आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले. तासिका म्हणजे जूनमध्ये नेमणूक, मार्चमध्ये रामराम, पुन्हा जूनमध्ये अर्ज. सरांनी वीस अर्ज केले. त्यांनी पळवलेली पोरं मात्र कायमची चिकटली. अकरा जण पोलिसात, चौघे फौजेत, आणि मी खेळाडू कोट्यातून रेल्वेच्या कार्यालयात. सकाळी सहाला मी अजून मैदानावर जातो आणि सरांच्या मदतीला उभा राहतो. माझं पोट सुटलंय, त्यावर सर रोज न चुकता काहीतरी बोलतात.

सरांच्या पत्नी विशाखावहिनी लातूर जिल्ह्यात रेणापूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. माहेरही तिथलंच. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण संसार शनिवार-रविवारचा, तोही स्पर्धा नसेल तर. "हे दरसाली कुणाच्या तरी पायात अडकतेत," वहिनी म्हणायच्या. खरंच होतं ते. एका वर्षी तो पाय माझाच होता. सरांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, माझी रेल्वेची चाचणी चार महिन्यांवर होती आणि मी म्हणालो होतो, "सर, तुमी गेल्यावर मला कोन पळवणार?" सर थांबले. माझं काम झालं.

गेल्या नोव्हेंबरात वहिनींनीच वाट काढली. रेणापूरजवळच्या एका निवासी शाळेत क्रीडा शिक्षकाची कायम जागा निघाली. मुलाखत झाली, सरांची निवडही झाली. सोमवारी, बावीस डिसेंबरला रुजू व्हायचं. नाही झालं तर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार. सर त्रेचाळीसचे. वयाची अट संपायला थोडेच महिने उरले होते, म्हणजे ही गेली की विषय संपला. सरांनी ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं.

मधे एकच गोष्ट आडवी होती, ती म्हणजे मनिषा. दुसऱ्या वर्षाची पोरगी, बिलोलीकडचीच, रोजानं जाणाऱ्या पारूबाईची लेक. दहा किलोमीटर पळून आली तरी तिचा श्वास बोलण्याइतका शिल्लक असायचा. विद्यापीठाची क्रॉस कंट्री शनिवारी, वीस डिसेंबरला होती आणि तीही रेणापुरातच. पहिल्या सहा जणी विद्यापीठाच्या संघात जाणार होत्या.

"शनिवारी मनिषा संघात गेली की फुडं विद्यापीठाचे कोच बघतील," सर म्हणाले. "सोमवारी मी मोकळा." त्या दिवशी सर पहिल्यांदा जाणाऱ्या माणसासारखे बोलले, असं मला वाटलं.

यजमान कॉलेजात क्रॉस कंट्री जाणणारं कुणी नव्हतं, म्हणून मार्ग आखायचं कामही सरांच्याच गळ्यात पडलं. गुरुवारी आम्ही दोघांनी तो आखला. मैदानावर रेघा मारायला वापरतात ती फक्की शेतात टिकत नाही. दव पडलं, बैलगाडी गेली की संपलं. म्हणून सरांची जुनी पद्धत: दगड चुन्याच्या बादलीत बुडवायचे आणि प्रत्येक वळणाला बांधावर पाच-पाच मांडायचे. पोरींना त्यांनी एकच शिकवलं होतं. "पांढरे दगड दिसले की तिकडं वळायचं. इचार करायचा न्हाई. इचार केला की पाय थांबतेत."

शुक्रवारी येळवस, म्हणजे वेळ अमावास्या होती. लातूरकडं त्या अमावास्येला गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे शेतात. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटी उभी करतात, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडून पुजतात, आणि मग दिवसभर भज्जीची मिसळभाजी, ताकातली आंबील, पाहुणे. वहिनींचं माहेर बौद्ध, तिथं पूजा नसते, पण भज्जीला कुणाची ना नाही. वहिनींनी सरांना तीनदा फोन केला. सर यजमान कॉलेजात बसून छातीवरचे नंबर लिहीत होते. "मोहसीनला धाडतो," म्हणाले. पंधरा येळवशी झाल्या, जावई एकदाही सासऱ्याच्या शेतात जेवला नव्हता. दर डिसेंबरला त्यांची कुठली ना कुठली स्पर्धा असायचीच.

मी गेलो आणि दोघांच्या वाटचं जेवलो. शेजारच्या शेतातले चंद्रप्पा मला हाताला धरून त्यांची कोप दाखवायला घेऊन गेले. आत पाच पांडव, चुना अगदी लख्ख. मी नांदेड शहरातला माणूस, येळवस आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. हातात आंबिलीचा तिसरा पेला होता आणि मला काही म्हणता काही सुचलं नाही.

शनिवारी सातला शर्यत सुटली. सरांनी पहाटे निम्मा मार्ग तपासला, तेवढ्यात दोन कॉलेजांच्या भांडणात त्यांना परत बोलावलं. वळणावर उभी करायची पोरं आदल्या दिवशीच्या जेवणानं सुस्तावलेली. दोघं आलेच नाहीत. पाच किलोमीटरला मनिषा दोनशे मीटर पुढे असल्याचा फोन आला. सरांनी माझ्या पाठीत गुद्दा घातला.

पहिली पोरगी आली, ती लातूरची. दुसरी, तिसरी. सर रस्त्याकडे बघत राहिले. मनिषा चौदावी आली आणि रेषेवरच बसली.

"सर, दगडं दिसले की वळायचं म्हनलात. मी वळले," ती रडत म्हणाली. "थेट कोपीत गेले. तितून फुडं वाटच नव्हती."

आम्ही चंद्रप्पांच्या शेतात गेलो. त्यांनी काही लपवलं नाही. बांधावर चुना लावलेले पाच दगड दिसले, येळवशीचाच दिवस, त्यांना वाटलं कुणीतरी पांडवच मांडून ठेवलेत. उचलून कोपीत नेले. मागून येणाऱ्या पोरी लातूरकडच्या. त्यांनी कोप ओळखली, एकीनं तर पळता पळता हात जोडले आणि कोप सोडून त्या पायवाट वळत होती तशा निघून गेल्या. चंद्रप्पांचं तोंड एवढंसं झालं होतं. "सर, ह्या दिसांत हितं पांढऱ्या दगडाला कुनी निसता दगड म्हनत न्हाई हो," ते म्हणाले. सर कोपीच्या तोंडाशी खाली बसले.

वहिनी मागे येऊन उभ्या होत्या. "एका येळवशीला जरी शेतात आला असता," त्या म्हणाल्या, "तर गेरूत बुडवले असते दगड." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं मला ते जास्त लागलं. सर नुसतं "हाव" म्हणाले.

मनिषा बांधावर उभी होती. नाक पुसत म्हणाली, "सर, फुडल्या साली मी चुकनार न्हाई. तुमी हाव ना फुडल्या साली?"

सरांनी वहिनींकडे पाहिलं. मग ज्वारीकडे. वहिनी माझ्याकडे वळल्या. "मोहसीनभाऊ, तुमी सांगा यांना. तुमचं ऐकतेत. सोमवार गेला की पुन्हा न्हाई."

सांगणं सोपं होतं. सर, तुम्ही जा, पोरीला मी बघतो. वीस वर्षं या माणसाची शिट्टी ऐकलीय, मला पोरी पळवता आल्या असत्या. पण माझी अर्शिया बारावीत आहे. आठशे मीटर चांगली पळते, जूनमध्ये आमच्याच कॉलेजात येणार. हे मी तोवर कुणालाच बोललो नव्हतो.

"वहिनी," मी म्हणालो, "चूक मार्गाची हाय, पोरीची न्हाई. तिचं एक वर्ष गेलंय. सरांनी थांबायला पायजे."

मला हे बोलताना लाज वाटली, आजही वाटते. कोपीजवळचा आंबिलीचा रिकामा डेरा उचलायला वहिनींनी चंद्रप्पांच्या बायकोला हात दिला आणि त्या शाळेच्या वाटेनं निघून गेल्या. सर संध्याकाळच्या बसनं पोरींना घेऊन नांदेडला आले.

सोमवारी सहाला सर मैदानावर होते. मीही होतो, आणि सोबत अर्शियाला आणलं होतं. सरांनी तिला एक फेरी पळायला लावली, तिचे पाय पाहिले, खांदे पाहिले. चेहरा उजळला त्यांचा.

"चांगली हाय," ते मला म्हणाले. "पन तीन वर्षं लागतील, मोहसीन."