मावशींचा उंबर

“झाड लावनं गुन्हा हाय काय?” असं म्हणून मावशी पदराने तोंड पुसायच्या आणि अगदी गरीब गाय दिसायच्या. ज्यांनी त्यांना माझ्यासारखं समोरच्या ओट्यावरून रोज पाहिलं नव्हतं, ते हमखास फसायचे.

डोणगावात आमची घरं समोरासमोर. त्यांचं टिनाचं, दोन खोल्यांचं; पण कुंपणाच्या भिंतीला लागून असा कडुनिंब होता, की उन्हाळ्यात अर्धी गल्ली त्याच्याखाली बसायची. मावशींच्या नवऱ्याला, काकांना, लकवा झाल्यापासून त्यांची खाट तिथेच असे. पडल्या पडल्या ते येणाऱ्या-जाणाऱ्याची खबर घ्यायचे.

भिंतीपलीकडे एका ठेकेदाराने बंगला बांधला. कुठल्याशा रिसॉर्टमध्ये पाहून आला आणि पुढे लॉन, बाटलीसारखे फुगलेले पाम, रंगीत दिवे असा सगळा थाट केला. लॉनवर निंबाचा पाला पडतो, ही त्याची रोजची कुरकुर. एका फाल्गुनात मावशी काकांना घेऊन लेकीकडे गेल्या. परत आल्या तेव्हा अंगणात नुसता खुंट होता.

“मी कुऱ्हाडवाल्याले फांद्या छाटाले सांगतलं होतं मावशी, त्यानं बुडापासूनच काढलं,” ठेकेदार म्हणाला.

काकांची खाट टिनाखाली गेली. मावशी दिवसभर त्यांच्या अंगावर ओला पंचा टाकत बसायच्या. मृग लागायच्या आत काका गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मावशी खुंटाकडे पाहत एवढंच म्हणाल्या, “माह्या मानसाची सावली तोडली त्यानं.” मला त्या दिवशी ठेकेदाराच्या पामांवर रॉकेल ओतावंसं वाटलं होतं. मावशींची पद्धत वेगळी होती.

श्रावणात, हवा चिकट झालेली असताना, त्यांनी जुन्या पुलाच्या भिंतीत उगवलेलं उंबराचं रोप उपटून आणलं आणि खुंटाशेजारी लावलं.

“मावशी, उंबर भिंत फोडते,” मी म्हटलं.

“फोडू दे न.”

“तो हा बी तोडून टाकन.”

“उंबर कोन तोडते वो? देव हाय का नाही, मले माईत नाही बाई. पन कुऱ्हाडवाल्याले माईत हाय.”

उंबराखाली दत्ताचा वास. आमच्याकडे त्याच्यावर कुऱ्हाड उचलायला कोणी धजत नाही. आयुष्यात कधी उपास न केलेल्या मावशींनी दर गुरुवारी तिथे दिवा लावायला सुरुवात केली. गल्लीतल्या बायका जमल्या. प्रसादाची साखर माझ्या डब्यातली असायची. मी आनंदाने दिली.

उंबर अंघोळीच्या पाण्यावर फोफावला. काही वर्षांत फळं धरली. पिकलेली उंबरं लॉनवर पडून सडायची, त्यावर माश्या, संध्याकाळी वटवाघळं. सावलीने लॉन पिवळं पडलं, मुळांनी भिंतीला भेग पाडली. शेवटी ठेकेदाराने निंब तोडणाऱ्यालाच बोलावलं. मी चुलीवरचा चहा तसाच टाकून ओट्यावर आले.

त्या माणसाने वर पाहिलं, चपला काढल्या आणि हात जोडले. “निंबाची गोष्ट अलग होती साहेब. मी लेकराबाळाचा मानूस हाव.”

मावशींनी त्याला बसवून चहा पाजला.

“मावशी, काऊन सतावून राह्यल्या मले?” ठेकेदार भिंतीवरून म्हणाला.

“झाड लावनं गुन्हा हाय काय?”

मी हसले, त्याला ऐकू जाईल असं हसले. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

मग मावशीही गेल्या. पुण्यातल्या मुलाने घर विकलं, आणि घेतलं ते ठेकेदारानेच, झाडासाठी. टिनाच्या खोल्या एका दिवसात पाडल्या. उंबर तोडायला मात्र मालक झाल्यावरही माणूस मिळेना. आता गुरुवारी बायका त्याच्या फाटकातून आत जातात. दिव्याचं तेल त्याची बायकोच देते. पडलेली उंबरं रोज सकाळी तो स्वतः झाडतो.

यंदा वैशाखात भर दुपारी लाईन गेली. ठेकेदार घामाघूम होऊन बाहेर आला. त्याने खुर्ची ओढत उंबराखाली नेली, बसला आणि डोळे मिटले. तोही आता म्हातारा झालाय. मी ओट्यावरूनच विचारलं, “गार वाटते काय, ठेकेदार?”

“लय बरं वाटते,” तो डोळे न उघडता म्हणाला.

“तिथंच राहे काकांची खाट.”

त्याने डोळे उघडले. मग उठून उन्हातून घरात गेला. खुर्ची तिथेच राहिली. संध्याकाळपर्यंत तिच्यावर उंबरं पडत होती.