होडीच्या रंगाखालचा रणगाडा

निघालो तोच संतापून. गोष्ट ब्याण्णवच्या फेब्रुवारीतली. पत्र्याची जुनी खेळणी जमवणारे आम्ही चार-पाच जण अधूनमधून भेटायचो. तिथे अंधेरीच्या एका शेठनी माझे दोन रणगाडे उचलले आणि हसून बाजूला सारले. "देशी माल! जमवायचं तर जपानी जमवा."

मी लेथवर हेल्परी करत वर आलेला माणूस. सपाट पत्र्यावर आधी रंगीत छपाई करायची, मग तो ठोकून, वळवून, कान म्हणजे जोडाच्या पट्ट्या दुमडून रणगाडा उभा करायचा, याला काय कसब लागतं ते मला कोणी शिकवू नये. माझ्याकडे हिरवा पाच नंबर होता, खाकी सात नंबर होता. दोन्हींवरच्या शिपायाचं तोंड तांबूस. तिसरा प्रकार, हिरव्या तोंडाच्या शिपायाचा, सगळ्यांनी ऐकलेला. पाहिलेला कोणीच नाही. म्हटलं, तोच आणून या शेठच्या नाकासमोर ठेवतो.

ठाण्याहून सकाळी स्कूटर काढली. घोडबंदरमार्गे हायवे, मग मनोरला डावीकडे. पेट्रोल मनोरलाच भरून घ्या. पुढे वाघोबा घाटात रस्ता कमी, खड्डे जास्त. दुरुस्तीची खडी कडेला ढीग घालून ठेवलेली आणि ढिगावर गवत उगवलेलं! पालघरला वडापाव खाल्ला (गरम होता, एवढंच त्याचं कौतुक) आणि बोईसर गाठलं.

सालवडच्या एका चाळीत मिश्रीलाल मिस्त्री राहायचे. मुंबईत या रणगाड्यांचे साचे त्यांनीच कोरलेले. आता तारापूरच्या कारखान्यात होते. हिरव्या तोंडाचं नाव काढताच हसायला लागले.

"वो तो हमारी ही गलती है, बाबूजी. मेले का माल था, लाल स्याही खतम. मालिक बोला, मुँह भी हरे में मारो, बच्चा थोड़े ही पूछेगा!"

"माल गेला कुठे?"

"सारा माहीम के मेले में. बंबई वाला नहीं, इधर पालघर वाला माहीम. उलटाकर देखना, पीछे का एक कान बाहर को मुड़ा होगा. उस साल साँचे में वही ऐब था."

निघताना मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "ठाणे से आया है, टीन का मुँह देखने." ऐकू आलं. कान माझे चांगले आहेत.

पालघरला परत येऊन पश्चिमेला वळलो की माहीम. सावली अशी की उन्हाचा राग विसरावा: दोन्ही बाजूंना पानवेलींच्या वाड्या, केळी, नारळ. तिथल्या माहीमकरांना विचारत विचारत कोळ्यांच्या वस्तीत पोचलो. जनाबाय नावाची पन्नाशीची बाई ओट्यावर बोंबील निवडत बसली होती. तिच्यामागे कोनाड्यात रणगाडा!

आणि तो निळा होता. होडीला मारतात तो ऑइलपेंट, थरावर थर. शिपाई नाही, नंबर नाही, काही नाही. उलटा करून पाहिला. मागचा कान बाहेर वळलेला.

माझं डोकंच फिरलं. "कोणी केलं हे? एवढी छपाई बुजवून टाकलीत?"

"ओरडतं कशाला?" जनाबाय म्हणाली. "खाऱ्या वाऱ्यात उघडा पत्रा ठेव नि बघ. दोन साल राहिल काय? पावसाळ्यात होडी वर ओढली का आमी रंग आणतो. पयला हात याच्यावर. सुकला, बरा दिसला, तर मंग होडीला."

"मी विकत घेतो. माझ्याकडे थिनर आहे."

"म्हंजे रंग काढशील?"

"खालचं तोंड बघायचंय, मावशी. हिरवं आहे की तांबडं."

"एवढा बाप्या नि खेळण्याच्या तोंडासाठी स्वताचं तोंड पाडून बसलाय!" ती हसली. मग म्हणाली, "मागच्या कोपऱ्यात नखाएवढं खरवड. जास्ती नाय."

ब्लेडने खरवडलं. निळ्याखाली पिवळा. पिवळ्याखाली पांढरा. त्याखाली लाल लागला आणि तिने माझं मनगट धरलं.

"बस. त्या सालची होडी परत नाय आली. माजा दीर होता तिच्यावर."

मी ब्लेड खिशात टाकलं. तिने घरातून निळ्या रंगाचा डबा आणला, बोटानेच खरवडलेलं बुजवलं आणि मला भाकरी-बोंबील वाढले. पैसे काढले तर म्हणाली, "जेवणाचं पैसं देतं काय? येडा हाय." तरी सांगतो, जेवताना मी धुमसतच होतो. चार थर तर झाले होते! आणखी फार तर चार असतील, आणि खाली शिपाई.

घरी आल्यावर कपाट उघडलं. माझा खाकी सात नंबर, 'मूळ रूपात' जपलेला, कापूस, तेल, काच सगळं करून. बुरुजाच्या कडेला गंज चढला होता, शिपायाचा अर्धा गाल गेलेला. त्या रात्री माझा संताप नक्की कोणावर होता ते मलाच सांगता येईना.

आठवड्याने शेठचा फोन. वास लागला होता. "माहीमला सापडला म्हणे? घर सांगा, मी माणूस पाठवतो. काय मागतील ते देऊ. रंगबिंग असला तर थिनरमध्ये बुडवला की झालं, दहा मिनिटांचं काम. तोंड हिरवं आहे का?"

दहा मिनिटांचं काम! आठवड्यापूर्वी तीच बाटली माझ्या डिकीत होती, म्हणून तर जास्तच भडकलो.

"तांबडं," मी म्हणालो. "नेहमीचाच माल. देशी."

तुम्ही माहीमला जरूर जा. वाड्या बघा, बोंबील खा. घर कुठलं ते मात्र मला विचारू नका.