तुझ्या गाडीतील जास्तीचे तेल

वैशाली प्रकाश रामटेके, तुझी लाल स्पोर्ट्स कार मी विकणार नाही, हे सर्वांसमक्ष लिहीत आहे.

मित्रहो, पत्नी वैशालीच्या निधनानंतर तिच्या गाडीची देखभाल माझे मेहुणे राजेश करतात. त्यांची तुमसरला राइस मिल आहे. अलीकडे गाडी फार इंजिन ऑइल जाळू लागली, निळा धूर सोडू लागली. आज ते थेट ग्राहकच घेऊन आले.

"भाऊजी, कितीही ओता, पिऊनच राहिली! काहून ठेवता? विकून टाका ना!"

मी तेलाची पातळी दाखवणारी डिपस्टिक काढून पाहिली. तेल वरच्या खुणेच्या बरेच वर होते.

"मिलचं इंजिन आम्ही असंच भरतो. त्याले काही झालं काय?"

"हे मिलचे इंजिन नव्हे, राजेश. जास्तीचे तेल ही गाडी जाळून धुरातून बाहेर टाकते."

जास्तीचे तेल मी काढले आणि पवनीपर्यंत गाडी चालवून आणली. परतताना धूर नव्हता. ग्राहक तोवर निघून गेला होता.

शोकात असलेल्या माणसाच्या घरातील वस्तूंचा निर्णय इतरांनी घ्यावा, हे तुम्हाला मान्य आहे का? मला नाही.

गाडीचे दार मी कुलूपबंद केले. राजेशनी त्यांच्याकडील किल्ल्या परत दिल्या.