चकाकडचे दोन शतांश

बुवांचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. फॅक्टरीत चौतीस वर्षं पहिली पाळी केली. ती सुटून तीन वर्षं झाली, तरी डोळा पावणेपाचलाच उघडायचा. तोंड धुवायचं आणि चहाच्या आधी जिन्याखालच्या खोलीत जाऊन लेथ पुसायचा. आदल्या संध्याकाळी पुसलेला असायचाच. तरी पुसायचा. रात्रीत लोखंडाला हवा लागते, असं त्यांचं म्हणणं.

फॅक्टरीत त्यांना शतांशबुवा म्हणत. कारण ते मिलिमीटरच्या खाली उतरल्याशिवाय बोलतच नसत. कुणी म्हणालं, 'जवळजवळ बसतंय', तर बुवा विचारायचे, "जवळ की जवळजवळ? किती शतांश?" पुढे शतांश गळलं आणि बुवा राहिलं.

लेथ टेबलावर मावेल एवढा, फॅक्टरीने मोडीत काढलेला. बुवांनी तो हातगाडीवर घालून आणला, तेव्हा बायको म्हणाली होती, "सवत आणलीत ती निदान झाकून तरी आणायची." त्या लेथवर ते एकच काम करायचे. गुडघ्याची पिन.

बुवांच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, उजवा पाय सव्वीस वर्षांपूर्वी मागे येणाऱ्या ट्रकने मांडीपासून नेला. नकली पायाच्या गुडघ्यात एक पोलादी पिन असते, चार बोटं लांब. ती दोन पितळी बुशांमध्ये, म्हणजे कड्यांमध्ये, फिरते. पिन दोन्ही टोकांना सारखी असली की पाय गप्प चालतो. एका टोकाला केसाच्या चौथ्या हिश्शाएवढी ढिली पडली, तर पावलागणिक कट कट वाजते आणि महिन्याभरात बुश खाऊन टाकते. पहिलं वर्ष ताईने पाय बनवणाऱ्या वर्कशॉपची तयार पिन वापरली. कुठेही गेली की माणसं आधी आवाजाकडे बघायची, मग पायाकडे, आणि तिच्या तोंडाकडे बघायचं टाळायची. तिने बाहेर पडणंच सोडलं. तेव्हा बुवांनी पहिली पिन वळून दिली. नंतर त्या वर्कशॉपच्या सगळ्याच पिना त्यांच्याकडे येऊ लागल्या.

आणि आता बुवांचा उजवा हात थरथरू लागला होता. डॉक्टर म्हणाले, हे आता कमी होणार नाही. हँडलवरच्या आकड्यांचं एक घर पुढे सरकवायचं तर हात तीन घरं सरकवायचा. पाचातल्या तीन पिना भंगारात जाऊ लागल्या. ताईची पिन यंदा बदलायची होती. ती विचारत नव्हती, त्यामुळे जास्तच लागत होतं.

जावई लिफ्टच्या पॅनेलचं काम करायचा. वायरीत हुशार होता, हे बुवाही नाकारत नसत.

"बाबा, हाताची गरजच नाही," तो म्हणाला. "हँडलं काढायची, दोन मोटरी बसवायच्या, कॉम्प्युटरला आकडे द्यायचे. तुम्ही नुसतं बटण दाबायचं. शनिवार-रविवारचं काम आहे."

"शनिवार-रविवारचं?"

"फार तर सोमवार सकाळ."

लेकीने अट घातली की दोन दिवस बाबांनी खोलीत पाऊल टाकायचं नाही, नाहीतर पहिल्याच स्क्रूवर भांडण होईल. बुवा दोन दिवस जिन्यावर बसून राहिले. आतून ड्रिलचा आवाज यायचा. टोकाला धार नसलेलं ड्रिल कसं किंचाळतं, ते त्यांना भिंतीपलीकडूनही कळत होतं. दात आंबल्यासारखे ते बसून होते.

सोमवारी दार उघडलं. लेथ हिरवा झाला होता. जावयाने त्याला रंग फासला होता, आणि तो रंग तेलाच्या भोकांतही उतरला होता. मोटरी ज्यावर बसवल्या होत्या ते कंस प्लास्टिकचे होते, थ्रीडी प्रिंटरवर छापून आणलेले. जुना चुरा पुसलाही नव्हता, त्याच्यावरच सगळं बसवलेलं. तेलाचा थेंब कुठे नाही. वायरी मात्र सुरेख बांधलेल्या. दोन्ही हँडलं भंगाराच्या डब्यात. जावई फोन धरून बुवांच्या चेहऱ्याचं चित्रीकरण करत होता.

जेवताना घासात केस निघावा तसं बुवांना झालं. पण जावयाला काय बोलणार. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे लेकी बोले जावया लागे.

"पोरी," ते म्हणाले, "या लेथला तेल कुठून घालायचं, ते विचार जरा."

"इथेच तर उभे आहेत, तुम्हीच विचारा."

"त्यांना कशाला त्रास. ते कामात आहेत."

जावयाने फोन खिशात टाकला.

पहिली पिन अकरा मिनिटांत निघाली. मोटरीने जोर लावला की प्लास्टिकचा कंस वाकत होता, नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. तरी जावयाच्या आग्रहाखातर बुवांनी ती ताईच्या गुडघ्यात बसवली. ताई बोळातून टोकापर्यंत गेली आणि परत आली. कट, कट, कट.

"हा पाय आहे की खुळखुळा?" तिने विचारलं.

"थोडा आवाज येणारच आत्या, नवीन आहे ना," जावई म्हणाला.

"जावईबापू, माझा पाय सव्वीस वर्षांचा आहे. नवीन तुम्ही आहात."

बुवांनी जुनीच पिन परत घातली. तीही आता झिजत आली होती.

मग त्यांनी काम हातात घेतलं. पोलादाची पट्टी करवतीने कापून, कानशीने घासून दोन कंस केले. थरथरता हात नेमकी रेघ मारू शकत नव्हता, पण दोन हातांनी, अंग टाकून कानस ओढायला त्याची हरकत नव्हती. अकरा दिवस लागले. भोकांतला रंग सुईने टोकरून काढायला दीड दिवस. हिरवा रंग त्यांनी तसाच ठेवला. आलं गेलं की त्याच्याकडे बघून तोंड वाकडं करायचे.

जुन्या स्क्रूत प्ले होता, म्हणजे उलटा फिरवला की चार घरं तो मोकळाच जायचा. बुवांच्या हाताला ते पाठ होतं. मोटरीला कोण सांगणार? जावयाने स्वतःहून नवे, आटे गोळ्यांवर फिरणारे स्क्रू आणले. ते चांगले होते. बुवा 'चांगले आहेत' म्हणाले. लेकीने तारीख लिहून ठेवायची गोष्ट काढली.

आता दुसरी पिन. चकाकडचं टोक, म्हणजे जिथे तुकडा पकडलेला असतो त्या बाजूचं, दोन शतांश जाड. तिसरी पिन, दोन शतांश. चौथी, दोन शतांश. इतकं नेमाने चुकणारं बुवांनी फॅक्टरीत कुणी पाहिलं नव्हतं.

"कळलं," जावई म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. टूल ज्या लोखंडी पाट्यावरून सरकतं, त्या बेडवर त्याने बोट ठेवलं. "बेड तिथे झिजलाय. टूल खाली बसतं आणि तुकड्यापासून लांब जातं. काही प्रश्न नाही बाबा. कॉम्प्युटरला सांगू, चकाकडे आलास की दोन शतांश जास्त काप. पाच मिनिटांचं काम."

"म्हणजे भिंत वाकडी, आणि आपण चष्मा वाकडा घालायचा."

"सगळे असंच करतात."

"सगळे," बुवा म्हणाले. "गंजाने जेवढं काम नासलं नाही, तेवढं या शब्दाने नासलंय. मशीनला खोटं बोलायला शिकवायचं, आणि पुढे बेड आणखी झिजला की आणखी मोठं खोटं. मला शिसारी येते."

हे त्यांनी पहिल्यांदाच तोंडावर म्हटलं. मग जावयाने विचारलं, तेही भोळेपणाने, वाद म्हणून नाही:

"मग बाबा, आधी पिना बरोबर कशा यायच्या?"

"म्हणजे?"

"बेड काही गेल्या महिन्यात झिजला नसेल ना."

जावई गेल्यावर बुवांनी फळीवरचा डबा खाली घेतला. प्रत्येक वर्षातली एक पिन त्यांनी तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. मायक्रोमीटरने एकेक मोजली. हात थरथरत होता, म्हणून प्रत्येक पिन तीन-तीनदा. सगळ्या सरळ. दोन्ही टोकं सारखी.

मग बेड झिजला होता कधी?

भंगाराच्या डब्यातून त्यांनी हँडल काढलं. लाकडी मूठ, पंचवीस वर्षं त्यांच्याच हातातली. ती दिव्यापाशी नेऊन फिरवली. मूठ एकाच बाजूने खाली गेली होती, अंगठ्याएवढा गुळगुळीत खळगा. त्यांनी अंगठा ठेवला. तो बरोबर बसला. डोळे मिटले आणि हवेतच डावा हात चालवायला घेतला, जणू टूल चकाकडे नेताहेत. शेवटचं दोन बोटं अंतर उरताच उजवा अंगठा आपोआप दाबला गेला.

ते स्टुलावर बसले. कधीपासून दाबत होते कोण जाणे. हाताला झीज कळली, हाताने ती झाकली, आणि डोक्याला कळवायची तसदी घेतली नाही. दर पहाटे ज्या बेडवरून फडकं फिरवलं, तो बेड वाकडा होता. फॅक्टरीत एका टर्नरला ते चारचौघांत बोलले होते, "मशीनचा दोष हाताने झाकशील तर तू कारागीर नाहीस, लबाड आहेस." तो माणूस पुढे त्यांच्याशी कधी बोलला नाही. त्याचा पडलेला चेहरा आता आठवला. प्लास्टिकच्या कंसाने आली नव्हती तेवढी किळस आता आली, आणि ती थुंकून टाकायला समोर दुसरं कुणी नव्हतं.

वर जाऊन त्यांनी ताईला सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी वाकड्या लेथवर चालले?" ती म्हणाली.

"पिना सरळ होत्या."

"मग रडतोस कशाला?"

"रडत नाहीये. मला कळायला हवं होतं. हात धड होता तेव्हा बेड सरळ करता आला असता. आता हात गेला आणि सोबत सगळं घेऊन चालला."

ताईने पाय खुर्चीवरून खाली घेतला. जुनी पिन वाजली, अगदी हलकी. दोघांनीही ऐकली.

"जावयाची युक्ती पाच मिनिटांची आहे म्हणतोस," ती म्हणाली. "मला चालेल. तुला चालेल का, ते तू बघ. पण मला थांबवून ठेवू नकोस."

"किती थांबशील?"

"किती लागेल?"

"दीड महिना."

"वाकडं-सरळ करत बसणार आहेस का मेल्या," ताई म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

बेड सरळ करायचा म्हणजे एक सरळ पट्टी लागते, बिडाची, घासून घासून अचूक केलेली. तिला निळा रंग लावायचा, बेडवर फिरवायची. जिथे रंग लागेल ते उंच, तेवढंच खरवडायचं. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणं. खड्डा भरता येत नाही. बाकीचा सगळा बेड त्या खड्ड्याइतका खाली आणायचा. मग बेडवर सरकणारा भागही तसाच खरवडून नव्या बेडवर बसवायचा. बुवांनी पट्टी आणली. लेथचे सगळे भाग उतरवले. जावयाने मोटरी सोडवून दिल्या, आणि या वेळी प्रत्येक स्क्रू कागदात गुंडाळून त्यावर नाव घातलं.

खरवडायचं हत्यार हाताने चालत नाही. त्याची मूठ कमरेला लावायची आणि अंगाने ढकलायचं; हाताने फक्त दिशा. हात थरथरला तरी कंबर थरथरत नाही. एका ढकलीत निघतो तो लोखंडाचा कण फुंकर मारली की उडून जातो. अशा ढकली रोज आठशे-नऊशे. कमरेवर हाताएवढा निळा-काळा वळ उठला. बायको त्यावर तेल चोळताना म्हणायची, "खऱ्या सवतीनेही एवढं मारलं नसतं."

जावयाने एकदा करून पाहिलं. पाव तासाने हत्यार खाली ठेवलं.

"हे रोज करता?"

"आज सकाळी तुम्ही आलात म्हणून उशिरा सुरू केलं."

"बाबा, सॉफ्टवेअरने खरंच झालं असतं."

"झालं असतं," बुवा म्हणाले. "रंगही दिला होता तुम्ही. तोही झाला होता." आणि थोड्या वेळाने, मान वर न करता, "दिवा जरा डावीकडे धरा."

त्याने धरला. मग रविवारी रविवारी येऊन धरत गेला.

त्रेचाळिसाव्या दिवशी सगळं पुन्हा जोडलं. जावयाने कॉम्प्युटर लावला, आकडे घातले, जास्तीचे काही नाहीत. बुवांनी बटण दाबलं. थरथरत्या बोटाने, पण बटणाला शतांश कळत नाहीत. पिन निघाली. चकाकडचं टोक मोजलं, बाहेरचं मोजलं. पुन्हा मोजलं. मग मायक्रोमीटर जावयाच्या हातात दिला. त्यालाही तेच दिसलं.

ताई बोळातून टोकापर्यंत गेली. परत आली. फक्त चपलेचा आवाज, तोही एकाच पायाचा नीट.

"बघ," बुवा म्हणाले.

"काय बघू? काही ऐकूच येत नाही." तिने पदर खोचला. "मी भाजी घेऊन येते. कुणी बरोबर येऊ नका."

बायको स्वयंपाकघरात होती. तिथली फरशी आठ वर्षांपासून फुटलेली होती, आणि ती बदलण्यासाठी बुवांच्या फंडातले शेवटचे पैसे वेगळे काढून ठेवले होते. ती एका फुटक्या तुकड्यावर उभी होती, पायाने तो डुगडुगवत.

"फरशीचं काय झालं?" तिने विचारलं, उत्तर माहीत असल्यासारखं.

बुवा जिन्याखालच्या खोलीत गेले, पट्टीवरचा निळा रंग पुसला, तेलाचं फडकं फिरवलं आणि ती लाकडी पेटीत परत ठेवली. दीड हात लांब, बिडाची, जड. तिने काही कापता येत नाही, काही वळता येत नाही. वाकडं कुठे आहे तेवढं ती दाखवते. चौतीस वर्षांच्या पहिल्या पाळीतून फंडात जे उरलं होतं, त्या पैशांत ती आली.