बिनक्लचची गाडी

माझ्या वकील नवऱ्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, त्यानंतर वर्षभरानं आमच्या जालन्याच्या घरी ती परदेशी गाडी आली. हैदराबादच्या एका पक्षकारानं जुनी म्हणून विकलेली. तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडायचे. डाव्या पायाला कामच नाही, म्हणून तर घेतली. लाकडी पाय बाजूला टेकवून वकीलसाहेब बदनापूर, भोकरदन एकटे फिरून यायचे आणि घरात शिरताना शीळ घालायचे.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी गाडी अडून बसली. इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. मिस्त्री घरी येऊन बघून गेला.

"साहेब, याचं सामान इकडं भेटत न्हाई. हा गिअरबॉक्स काढून साधा बसवू. जल्दी होऊन जाईल."

"मंग क्लच कोण दाबणार?"

"ड्रायव्हर ठेवा ना."

मिस्त्री काही वाईट बोलला नव्हता, पण हे त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना टांग्यातून कोर्टात नेऊ लागले. उतरताना हात द्यावा लागे आणि पायऱ्यांवर बसलेले पक्षकार बघत राहत. माझा संताप व्हायचा. बघणाऱ्यांवर नव्हे, टांगा इतका उंच बांधणाऱ्यावर. हे मात्र घरात बोलेनासेच झाले.

मग एकदा गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक वाचून त्यांनी सांगितलं की गिअरबॉक्सच्या तळाशी तेल गाळणारी एक जाळी असते. ती गाळानं बुजली की तेल वर चढत नाही आणि गिअर पडत नाही. नवी मिळणं शक्य नव्हतं. आहे तीच धुऊन बसवायची, आणि तरी गाडी चालली नाही तर मिस्त्री म्हणतो तसं करायचं.

रविवारी गाडी जॅकनं उचलून खाली लाकडाचे ठोकळे लावले. लाकडी पाय काढून ठेवून आधी हेच खाली सरकले. पण पान्याला जोर लावला की गिअरबॉक्सच्या तळाच्या झाकणाचा बोल्ट जागेवर राहायचा आणि हे फिरायचे. रेटा द्यायला दुसरा पाय नको? शेवटी मी म्हटलं, "अहो, निघा बाहेर," आणि पदर खोचून मीच आत शिरले.

हे जमिनीवर बसून सांगायचे, मी उताणी पडून ऐकायची. एका कोपऱ्याचे बोल्ट शेवटी सोड, म्हणजे तेल एकीकडूनच येईल, म्हणाले. तेल एकीकडूनच आलं, माझ्या केसांत. काळं आणि जळक्या वासाचं. जाळी तर दिसतच नव्हती. दुधाच्या पातेल्याला खरवड धरावी तसा गाळ तिला धरला होता.

ती मी रॉकेलमध्ये घासली आणि देवाची भांडी पुसते तशी जुन्या धोतराच्या फडक्यानं लख्ख पुसली.

"काय करून राह्यली तू? धागे अडकतेत त्यात. पुन्हा बुजंल ना."

"मंग आधी सांगता येत न्हाई का? मी काय मिस्त्री हाय?"

पुन्हा धुतली, उन्हात वाळत ठेवली. तोवर त्यांनी जुन्या फायलीचा जाड पुठ्ठा ब्लेडनं कापून तळाच्या झाकणाचं पॅकिंग तयार केलं. मी पुन्हा खाली जाऊन सगळं बसवलं.

संध्याकाळी औरंगाबादहून मागवलेलं नवं तेल नरसाळ्यानं ओतलं. हे लाकडी पाय बांधून आत बसले, इंजिन चालू करून गिअरचा दांडा ओढला. मी गाडीकडे बघतच नव्हते, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. गाडी जराशी थबकली आणि निमूटपणे पुढं सरकली.

मी हात पुसत, शेजारी बसायला म्हणून दाराशी गेले, तर हे म्हणाले, "तू राह्य. मी एकटाच जाऊन येतो बदनापूरला."

दिवसभर मातीत लोळले मी, तेल माझ्या केसांत, आणि चक्कर मारायची एकट्यानं. राग आलाच. पण 'एकटाच' हा शब्द त्यांच्या तोंडून किती दिवसांनी ऐकला, हेही लगेच कळलं आणि मला रडूच आलं. मी फाटक उघडलं. कधी येणार, ते मुद्दाम विचारलं नाही.